हवालदाराची ट्रंक आणि मंगळवारचा फोन

मी एक ट्रंक बोलतेय. काळी, पत्र्याची, फौजी ट्रंक. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात 'हव. गुंडा निकम' असं लिहिलेलं आहे. कराडच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला, उसात बुडालेलं एक गाव आहे. त्या गावात निकमांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, खिडकीखाली, मी गेली पंचवीस वर्षं एका जागी बसून आहे. पण इथं बसून मी जे पाहिलं, ते मुलूख हिंडतानाही पाहिलं नव्हतं. म्हणून बोलावंसं वाटलं.

माझा जन्म साताऱ्यातल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं त्या दुकानात दिवसभर ट्रंकाच ठोकल्या जायच्या. एकोणीस वर्षांचे गुंडा निकम वडलांबरोबर मला घ्यायला आले. वडलांनी बोटाच्या पेरानं माझ्या झाकणावर दोनदा वाजवलं आणि विचारलं, "टिकंल का वं?"

दुकानदार म्हणाला, "पोरगं पेन्शनीत येस्तवर हिला काय हुत न्हाई."

तो बरोबर बोलला. चोवीस वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडले. बेळगावची परेड, पठाणकोटचा उन्हाळा, सिक्कीमचा बर्फ. बर्फ पहिल्यांदा पाहिला त्या सकाळी माझा पत्रा इतका गार पडला होता, की गुंडांनी कडीला हात लावला आणि बोटाची साल कडीलाच राहिली. समोर पांढरा डोंगर आभाळाला टेकला होता. पाखराचासुद्धा आवाज नव्हता. यापेक्षा मोठं जगात काही नसेल, असं मला तेव्हा वाटलं. मी तरुण होते.

झाकणावरची अक्षरं दोनदा बदलली. शिपायाचा नायक झाला, नायकाचा हवालदार. पोटातलं सामान मात्र तेच राहिलं. दोन वर्द्या, दाढीचं सामान, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि पत्रांचा गठ्ठा. पत्रं हरणाबाईंची, म्हणजे हवालदारांच्या बायकोची. चौथी शिकलेल्या हरणाबाई मोठ्या टपोऱ्या अक्षरात लिहायच्या. म्हैस व्याली. उसाला तोड आली. सासूबाईंनी गुडघे धरले. विश्वजीत चालायला लागला. अंकिताला गोवर येऊन गेला. स्वतःविषयी एक ओळ नसायची. हवालदार पत्र दोनदा वाचायचे, घडी घालून माझ्यात ठेवायचे आणि उत्तर लिहायचे, 'इकडं सर्व ठीक.'

वर्षातून दोन महिने ते घरी यायचे. बाकीचे दहा महिने ती बाई तीन एकर ऊस, दोन म्हशी, आजारी सासू आणि दोन पोरं एकटीनं ओढायची. त्या वेळी मला यात काही मोठं दिसलं नाही. मला बर्फ मोठा वाटला होता.

हवालदार पेन्शनीत आले आणि मी खिडकीखाली आले. माझ्यावर वाकळांची चळत चढली. लग्नात कुणाला बसायला जागा कमी पडली तर वाकळा काढून मला पुढं ओढायचे, एवढाच माझा उपयोग. विश्वजीतही फौजेत गेला, पण चाकाची बॅग घेऊन. अंकिता लग्न होऊन सांगलीला गेली, तिथं शाळेत शिकवू लागली. घरात दोघंच उरली. मला वाटलं, आता ही दोघं बसून बोलतील. पण हवालदारांना बोलायची सवय नव्हती आणि हरणाबाईंना बसायची.

सहा वर्षांपूर्वी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग एकदा हरणाबाई मळ्यात निघाल्या आणि चाळीस वर्षं पायाखालची वाट विसरून पाणंदीत उभ्या राहिल्या. पुढं पुढं त्या मरून गेलेल्या सासूला जेवण नेऊन ठेवायला लागल्या. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, औषधानं थोडा सावकाश चालेल, पण मागं फिरणार नाही.

हवालदार घरी आले, त्यांनी वहीचा एक कागद फाडला आणि माझ्यावर ठेवून त्यावर वेळापत्रक लिहिलं. साडेपाचला उठणे. सहाला चहा. साडेसहाला अंघोळ. कागद भिंतीला लावला. हरणाबाईंनी तो निरखून पाहिला आणि विचारलं, "ह्यो कुणाच्या येस्टीचा पास हाय?"

त्या माणसानं मग जे केलं, ते पाहून मी थक्क झाले. ज्यांनी कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, ते भाकरी थापायला शिकले. पहिला महिनाभर भाकरी नकाशासारखी व्हायची. ते बायकोला अंघोळ घालायला शिकले, वेणी घालायला शिकले. वेणीचे तीन पेड त्यांच्या जाड बोटांत सापडायचे नाहीत, तेव्हा ते माझ्या कडीला सुतळीचे तीन तुकडे बांधून सराव करायचे. मी ते ओढणं सोसत बसायचे आणि मनात म्हणायचे, बंदूक खोलून पुन्हा जोडणारे हेच ते हात.

गाव म्हणायचं, "हवालदार म्हंजे मानूस हाय!" पाहुणे यायचे. "काय म्हणत्यात वैनी?" असं विचारायचे, हवालदारांनी केलेला चहा प्यायचे आणि जायचे. हवालदार म्हणायचे, "सब ठीक."

एके दिवशी सकाळी ते वेणी घालायला जवळ गेले तर हरणाबाई दचकून मागं सरल्या.

"तुमी कुणाकडं आलासा?"

"अगं, मी हाय. तुजा नवरा."

"काय बी बोलू नगासा. आमचं मालक मिलिटरीत हायत. घरात पुरुष मानूस न्हाई. भाईर बसा."

हवालदारांनी लग्नातला फोटो दाखवला. ओळखपत्र दाखवलं. आवाज चढवला. हरणाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि त्या भिंतीला चिकटून बसल्या. शेवटी हवालदार आपल्याच घराच्या पायरीवर जाऊन बसले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. तासाभरानं त्यांनी हळूच आत येऊन चहा ठेवला.

त्यानंतर हे आठवड्यातून चार-पाच वेळा होऊ लागलं. हवालदार बारीक झाले. पायाला सूज आली. दूध उतू गेलं की भांडं आपटायला लागले, मग खाली बसून तेच भांडं घासायला लागले. विश्वजीतचा फोन आला की "सब ठीक हाय, तू ड्यूटी कर." अंकिताचा आला की "आईला झोप लागलीया, ठिवतो."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझाही पत्रा आकसतो.

नोव्हेंबरातली सकाळ होती. पेन्शनीचा हयातीचा दाखला द्यायला हवालदारांना स्वतः कराडला बँकेत जायचं होतं, आणि तो शेवटचा दिवस होता. मागच्या खेपेला हरणाबाईंना बरोबर नेलं होतं, तर त्या स्टँडवर गर्दीत हरवल्या होत्या. शेजारच्या शालूबाई एरवी बसायच्या, पण त्या लग्नाला गेल्या होत्या. हवालदार दोनदा अंगणात गेले, दोनदा परत आले. मग माझ्यापाशी आले. माझं पितळी कुलूप त्यांनी काढलं, बाहेर गेले, आणि दाराला लावलं. जाताना एवढंच म्हणाले, "तासाभरात येतो."

बँकेत मशीन बंद होतं. तीन तास झाले.

मी आत होते. हरणाबाईंनी आधी दार ढकललं. मग हाका मारल्या. मग हातांनी दार बडवलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. तळहात सोलून रक्त आलं तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. लुगडं भिजलं होतं. त्यांनी माझं झाकण उघडलं आणि एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर मांडली. वर्दी, पट्टा, पत्रं. जणू त्यांनाही कुठंतरी निघायचं होतं आणि सामान लावायचं होतं.

हवालदार आले ते पळतच आले. दार उघडलं. खोलीभर पत्रं, रक्ताची बोटं उमटलेली वर्दी, ओली जमीन. त्यांनी हरणाबाईंच्या हातातली वर्दी ओढली. हरणाबाईंनी सोडली नाही. आणि हवालदारांचा हात उठला.

एकच चापट. फार जोराची नव्हती. पण सोप्यात असा आवाज यापूर्वी कधी झाला नव्हता.

हरणाबाई गालाला हात लावून म्हणाल्या, "मारू नगासा साहेब. आमच्या मालकास्नी सांगीन मी."

हवालदार तिथंच खाली बसले. मग त्यांनी पाणी तापवलं, हरणाबाईंचे हात धुतले, हळद लावली, लुगडं बदललं. जमीन पुसली. पत्रं तारखेप्रमाणे लावली. कुणालाच काही सांगितलं नाही.

रविवारी अंकिता आली. तिनं आईचे हात पाहिले. "पडली," हवालदार म्हणाले. अंकिता वडलांच्या शर्टाकडं बघत होती. ज्या माणसाच्या शर्टाला कधी चुणी पडली नव्हती, त्यानं एक बटण चुकवून सगळा शर्ट वाकडा लावला होता.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "आबा, मिरजेत एक संस्था हाय. घरात आजारी मानसाचं, न्हाईतर पोराबाळांचं करणारी जी मानसं असतात, त्यांच्याशी बोलतात तिथल्या बाई. फोनवर, समोर बघून. तुमाला कुठं जायाला नको."

"तुझ्या आईला बोलता कुठं येतंय नीट?"

"आईसाठी न्हाई. तुमच्यासाठी."

हवालदार ताडकन उठले. "मला काय झालंय? येडा झालोय व्हय मी?"

"आबा, लढाईत जखमी झालेल्याला पाठीवर घेऊन येणारा असतोय, त्याला छावणीत आल्यावर कुणी पाणी देत न्हाई का?"

हवालदार परत खाली बसले. म्हणाले, "एकदाच बोलीन."

आमच्या घरात फोनला रेंज फक्त खिडकीशी येते. त्यामुळं वाकळा उतरल्या, माझ्यावर स्वच्छ टॉवेल अंथरला, तांब्या ठेवला आणि तांब्याला टेकवून फोन उभा केला. मंगळवार, सकाळी अकरा. हरणाबाई अंघोळीनंतर त्या वेळी झोपतात. हवालदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि समोरच्या खुर्चीवर ताठ बसले. माझ्या झाकणावर एक चेहरा उजळला. पस्तिशीची बाई, साधा कुडता, मागं पुस्तकांचं कपाट.

"नमस्कार. मी मयूरी."

"जय हिंद मॅडम. सब ठीक हाय."

मयूरीताई हसल्या. "बरं. आज सकाळपासून तुम्ही खाली कधी बसलात?"

हवालदार विचार करू लागले. "आत्ताच," ते म्हणाले.

पहिले तीन मंगळवार असेच गेले. हवालदार हरणाबाईंचा रिपोर्ट द्यायचे. किती खाल्लं, किती झोपल्या. मयूरीताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "त्यांच्यासाठी डॉक्टर आहेत. मी तुमच्यासाठी आहे. तुम्ही काय खाल्लं?" मी मात्र नवल करत राहायचे. मिरज कुठं, आमचं गाव कुठं. मध्येच तिकडच्या रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. आणि इतक्या लांबून ती बाई नुसत्या श्वासावरून ओळखायची की या माणसाच्या मनात काहीतरी अडकलंय. ती ओढून काढायची नाही. थांबायची. मी आयुष्यात फार थोड्या माणसांना असं थांबताना पाहिलं आहे.

चौथ्या मंगळवारी हवालदार म्हणाले, "मॅडम, एक रिपोर्ट द्यायचा हाय," आणि उभे राहिले. सावधान. फोनमध्ये आता त्यांचा चेहरा दिसत नव्हता, शर्टाची दोन बटणं दिसत होती.

"बसून सांगितलं तरी चालेल, हवालदार."

"न्हाई. ह्ये उभ्यानंच सांगायचं हाय."

आणि त्यांनी सांगितलं. माझं कुलूप, तीन तास, दाराला लागलेलं रक्त, आणि तो हात. एक शब्द गाळला नाही. बँकेतल्या मशीनला बोल लावला नाही. शेवटी म्हणाले, "काय सजा आसंल ती सांगा."

तिकडं मयूरीताईंनी हातातली वही मिटली.

मग मयूरीताई म्हणाल्या, "झालं ते चुकीचं झालं. कुलूपही, हातही. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते आपण आजच ठरवणार आहोत, आणि अंकितालाही सांगणार आहोत. चालेल?"

"व्हय."

"आता मला एक सांगा. सुट्टीशिवाय चार वर्षं ड्यूटी, ही कुठल्या पलटणीत असते?"

"कुठंच न्हाई."

"मग तुम्हाला कुणी लावली?"

"मीच."

"का?"

शर्टाची बटणं वरखाली होऊ लागली. हवालदार बोलले तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"चोवीस वर्षं तिनं केली, मॅडम. कुणी सुट्टी दिली न्हाई तिला. मी बी न्हाई."

ते खुर्चीवर बसले, पुढं वाकले, आणि त्यांचं कपाळ माझ्या कडेला टेकलं. ते रडले. सिक्कीममध्ये पलटणीतला जोडीदार गेला तेव्हा न रडलेला माणूस. मी पत्र्याची आहे, पण त्या दिवशी ते कढत पाणी माझ्यावर पडलं तेव्हा मला तो पांढरा डोंगर आठवला आणि वाटलं, छे, त्याहून मोठं काहीतरी आज पाहिलं. मयूरीताई "रडू नका" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी इथंच आहे."

मग ठरलं. दाराला कुलूप कधीच नाही. बुधवारी आणि शनिवारी सकाळी शालूबाई दोन तास बसतील, आणि त्या वेळात हवालदारांनी घरात थांबायचं नाही. महिन्यातला एक आठवडा अंकिता आईला सांगलीला नेईल. हवालदारांनी स्वतःचा रक्तदाब दाखवून घ्यायचा. आणि राग वर आला की आधी हरणाबाईंना जपून बसवायचं, मग उंबरा ओलांडून अंगणात जायचं आणि श्वास खाली येईपर्यंत तिथंच उभं राहायचं.

"आणि त्या जेव्हा म्हणतात की मालक मिलिटरीत आहेत," मयूरीताई म्हणाल्या, "तेव्हा त्यांना खोटं पाडू नका. त्यांच्यासाठी ते खरं आहे. त्या जिथं आहेत तिथं तुम्हीच जाऊन बघा."

हवालदारांना हे पटलं नाही. "नवरा आसून मी परका व्हायाचं?"

"परक्यालाही घरात घेतात की माणसं. कोण म्हणून जायचं ते तुम्ही ठरवा."

पुढच्याच शुक्रवारी सकाळी हरणाबाईंनी विचारलं, "तुमी कुणाकडं आलासा? आमचं मालक मिलिटरीत हायत."

हवालदारांनी पायातल्या चपला उंबऱ्याबाहेर नीट काढून ठेवल्या. हात जोडले.

"ठावं हाय, वैनी. मी त्यांच्याच पलटणीतला. सुट्टीवर आलोय. म्हटलं घरचा निरोप घिऊन जावा."

आमच्या भागात ही रीत होती. सुट्टीवर आलेला जवान जोडीदाराच्या घरी जाऊन खुशाली सांगायचा. हरणाबाईंचा चेहरा असा उजळला, की चार वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"या की, पाव्हणं! उभं का? बसा." त्यांनी बसायला मला दाखवलं. हवालदार माझ्यावर बसले. "कसं हायत त्ये? खात्यात का नीट?"

"बरं हायत. तुमची याद काढत्यात."

हरणाबाई लाजल्या. चौसष्ट वर्षांची ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम म्हणाली, "पाव्हणं, एक सांगू का? तुमी त्यास्नी सांगनार नसला तर."

"न्हाई सांगत."

"अंकीच्या आधी मला येक पोरगी झाली हुती. दिस भरलं हुतं. उसाला पानी द्यायाला गेल्ते, बांधावरनं पाय घसारला. पोरगी रडलीच न्हाई. सासूबाई म्हनल्या, पत्रात ल्ह्याचं न्हाई, त्यो तिकडं बर्फात हाय. म्या न्हाई लिव्हलं."

हरणाबाईंनी हाताच्या मुठीनं एवढंसं माप दाखवलं.

"टोपडं शिवलं हुतं म्या. नाव बी ठिवलं हुतं मनात. कृष्णा. पान्याकडं बघून ठिवलं. कुनाला म्हाईत न्हाई."

"आन तुमचं मालक सुट्टीवर आलं तवा?"

"घर मानसांनी भरायचं. आन ते हासत आलेलं असायचं. कसं सांगायचं, पाव्हणं?"

मला ती सुट्टी आठवते. मला उंबऱ्यात ठेवलं होतं. हवालदारांच्या आईनं त्यांना एका वाक्यात सांगितलं होतं, "पोटातलं गेलं." ते "बरं" म्हणाले होते आणि पाण्याची पाळी बघायला मळ्यात गेले होते. पोरगी गेली त्या आठवड्यातलं पत्र माझ्या पोटात होतं. म्हैस व्याली, असं त्यात लिहिलं होतं.

गुडघ्यांवर हात ठेवून हवालदार ऐकत राहिले. हरणाबाई बोलत राहिल्या. टोपड्याचा रंग, त्या दिवशीचं ऊन, दूध कसं आटता आटेना, कोणती शेजारीण येऊन बसली आणि कोणती आली नाही. ज्या डोक्यात सकाळचा चहा राहत नव्हता, त्या डोक्यात एवढं सगळं शाबूत होतं. चाळीस वर्षं. मी लोखंडाची, मला गंज चढला. त्या बाईच्या मनातल्या त्या दिवसाला गंजाचा डागही नव्हता.

बोलून झाल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला. "तुमी लय चांगलं ऐकता, पाव्हणं. आमचं मालक बी असंच ऐकत्याल, आलं की."

"ऐकत्याल, वैनी," हवालदार म्हणाले.

पुढच्या मंगळवारी फोन उजळताच मयूरीताईंनी नमस्कार करायच्या आधी ते म्हणाले, "मॅडम, मला आजून येक पोरगी हुती. कृष्णा तिचं नाव." मयूरीताईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला. त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

याला आता दोन वर्षं झाली. सगळं छान झालं असं सांगितलं तर खोटं होईल. हरणाबाईंचं बोलणं आता दोन-चार शब्दांवर आलंय. हवालदारांना अजून राग येतो. मागच्या महिन्यात दोनदा मी त्यांना अंगणात जाऊन उभं राहिलेलं पाहिलं. पण हात पुन्हा उठला नाही. बुधवारी ते नदीवर जाऊन बसतात. सांगलीहून अंकिताचा फोन आला की आता म्हणतात, "आज जड गेलं गं." रोज सकाळी चपला उंबऱ्याबाहेर काढून ते पाहुणे म्हणून घरात येतात. हरणाबाई आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्याकडं सरकवतात आणि म्हणतात, "खावा." ते खातात.

मी आता म्हातारी झाले. तळाला गंजानं भोक पडलंय, त्यातून मुंग्या येतात-जातात. पुढच्या पिढीला माझी गरज नाही, आणि भंगारवाल्यानं खिडकीतून दोनदा माझ्याकडं पाहिलंय. मला त्याचं दुःख नाही. जायच्या आधी एकच मागणं आहे. तुम्ही कुणाच्या घरी आजारी माणसाला बघायला जाता, फळं नेता, अंथरुणाशी बसता. बसा. पण जो चहा घेऊन येतो ना, कप ठेवून लगेच आत वळतो, त्याला थांबवा. त्याला विचारा, तू कसा आहेस. आणि तो "ठीक" म्हणाला तर उठू नका. अजून थोडं बसा.

हल्ली शनिवारी चार वाजताही माझ्यावर फोन उभा राहतो. मयूरीताईंनी घरी कुणाचं तरी करणाऱ्यांचा एक गट केलाय. फोनवर नऊ लहान चौकोन दिसतात, एकेका चौकोनात एकेक घर. गेल्या महिन्यात दहावा चौकोन आला. रेश्मा, माण तालुक्यातली, दहिवडीच्या पुढची. नवरा मुंबईत कामाला, पदरात सात वर्षांची प्रांजल, जिला मान सावरता येत नाही. रेश्माचा कॅमेरा बंद होता. काळ्या चौकोनात नुसतं नाव. कुणी काही विचारलं की "काही नाही, मी नुसती ऐकते," एवढंच.

हवालदार घसा खाकरून म्हणाले, "ताई, कॅमेरा लावू नगा. बोलू बी नगा. आमी हितं हाय, आमाला घाई न्हाई."

दोन शनिवार तो चौकोन काळाच राहिला. दर खेपेला सगळे बोलायचे आणि निघताना त्या काळ्या चौकोनालाही हात जोडायचे.

परवाच्या शनिवारी तो उजळला. तिशीची बाई, केस विंचरलेले नव्हते, मांडीवर मुलगी, मुलीची मान आईच्या दंडावर. रेश्मानं आधी पोरीचं तोंड पुसलं. मग वर पाहिलं.

"मी आजपर्यंत हे कुणाशी बोलले नाही," ती म्हणाली.

आणि नऊ घरांतली नऊ माणसं थोडी थोडी पुढं सरकून बसली.